पुढच्या दोरीवरचे तीन शर्ट

— नाही गं, आत नको जाऊस, बोलू की सावकाश, आधी ह्या चादरीचं ते टोक धर. घट्ट. आता पीळ, तू तुझ्या उजवीकडं, मी माझ्या — हां, बघ, किती पाणी निघालं. मशीनच्या ड्रायरवर विसंबून राहायचं नाही, रिहाब, तो नुसता आवाज करतो, नवऱ्यासारखा. लग्नाआधी शिकून घे हे सगळं, ह्या घरात आलीस की लोक तुला नाही, मला नावं ठेवतील — इन्साफची सून आली आणि इन्साफच्या दोरीला अवकळा आली. बासिम? झोपलाय. बंदरावर रात्रपाळी असते ना त्याची, सकाळी येतो, दोन घास खातो नि आडवा होतो. फोन बिघडलाय त्याचा, सांगितलं होतं की तुला, तुझ्या आईलाही सांगितलं परवा, इथूनच, बाल्कनीतून, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. बोलायचंय? बोलू ना. पण हे ओलं असंच टोपलीत राहिलं तर कुबट वास धरतं, आणि एकदा वास धरला की परत धुवायचं, आणि पाणी दोन दिवसांनी कालच आलंय, परत कधी जाईल त्याचा भरवसा नाही. आधी कपडे. मग काय ते.

चादर बाहेरच्या दोरीवर, रस्त्याकडच्या. घालायच्या आधी खाली हाक मारायची — उम्म तारेक! ओलं घालतेय गं, तुझं काढून घे! — अशी. नाहीतर आपलं पाणी तिच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकतं आणि महिनाभर जिन्यात तोंड फिरवून जाते ती. काय बघतेस? ओरडले, हो. तो नाही उठत, कानाशी ढोल वाजवला तरी नाही उठायचा. हे बघ, चादरी, टॉवेल, गड्यांचे चांगले शर्ट पुढं. घरातले गाऊन मधल्या दोरीवर. आतले कपडे अगदी भिंतीलगत, चादरीच्या आड, तिथं मुंगीची नजर जायला नको. मोजे जोडीनं, एकाच चिमट्यात दोन. सुटा मोजा लावलास तर समोरची बाई तीन दिवस त्याचा विचार करेल. हसू नकोस, आमच्या ह्या करमूझ मोहल्ल्यात बायका दोरी वाचतात, तुला माहीत नाही होय? तू ह्याच गल्लीतली, समोरच्याच घरातली. लंगोट दिसले की बाळ झालं. बाईचे कपडे आठवडाभर नाही दिसले की भांडून माहेरी गेली. गड्याचे नाही दिसले की — की गडी घरात नाही. म्हणून दोरी भरलेली ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा देते तुला पुदिना घालून, हे एवढं संपू दे.

आणि पावडर मापात टाकायची, ही दुसरी चूक सगळ्या पोरी करतात — जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असं वाटतं त्यांना. फेस निघत नाही मग, टॉवेल पापडासारखे कडक होतात, अंग पुसलं की सोलून निघतं. मशीन गच्च भरायचं नाही, कपड्यांना हलायला जागा लागते, माणसासारखीच. ब्लीच आधी पाण्यात, मग कपडा, कपड्यावर थेट ओतलंस तर भोक. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधी, कधी म्हणजे कधीच नाही, वल्लाही, माझी धाकटी जाऊ मोरीचं दार लावून दोन्ही मिसळत बसली होती, ओढून बाहेर काढली तिला, पंधरा दिवस खोकत होती. ऐकतेयस ना? मग मान खाली घालून का उभी आहेस? माझ्याकडं बघ. आणि — आणि हे काय घातलंयस तू? आल्यापासून बघतेय मी. काळं. ऑगस्टच्या उन्हात नखशिखांत काळं.

नको. सांगू नकोस. काळ्याचंच सांगते तुला आता. काळं वेगळं धुवायचं, गार पाण्यात, उलटं करून, आणि सावलीत वाळवायचं. मला विचार, बासिमचे वडील गेले, अल्लाह त्यांना जन्नतीत जागा देवो, वर्षभर मी काळ्यात होते, दोनच झगे, आलटून पालटून, आणि धुऊन धुऊन ते तांबूस पडले. दुःख जुनं झालं की काय म्हणून बायका बघायला लागल्या. मग मोठ्या पातेल्यात काळा रंग उकळला नि परत बुडवले. हात महिनाभर काळे. वर्ष झालं त्या दिवशी ते दोन्ही झगे मी देऊन टाकले, घरात ठेवलेच नाहीत. एक चिंधी नाही ह्या घरात काळी. म्हणून तू — तू दारात उभी राहिलीस ना, तेव्हाच मला — चिमटा दे. तो नको, तो गंजलाय, डाग पडतो. दुसरा दे.

तो शर्ट ठेव. निळा. ठेव म्हणते ना, मी घालते ते तीन, माझी पद्धत आहे. कॉलर काय बघतेस उलटी करून? हो, मीच शिकवलं असेल, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असेल तुला, की गड्याचा शर्ट भिजवायच्या आधी कॉलर उलटायची, मळाची रेघ असेल तिथं साबणाची वडी घासायची. आहे का रेघ? नाही. धुतलाय ना आत्ताच. तो टोपलीतला? तो पांढरा — तो अजून धुवायचाय. हो. त्यालाही रेघ नाही. मग? स्वच्छ मुलगा आहे माझा. बंदरावर गोण्या उचलतो आणि — आणि घाम येत नाही त्याला. हं.

चिमटे खाली ठेव. बस त्या स्टुलावर. मलाही बसू दे.

पाच आठवडे झाले आज. तुला काय सांगू, रिहाब, माझ्याच हातानं इस्त्री केली त्याच्या शर्टाला, चौकड्याचा, तुझ्या मामानं दिलेला. मला वाटलं, चांगल्या कपड्यात गेला तर तिकडं लोक माणूस म्हणून बघतील. वेडी मी. होडीत बसणाऱ्याच्या शर्टाची इस्त्री कोण बघतं? लिबियापर्यंत गाडीनं, तिथून समुद्र, आठ दिवसांत इटली, असं म्हणाला. आठ दिवस, आई, आणि पोहोचलो की फोन. तोवर कुणाला बोलू नकोस, रिहाबच्या आईला कळलं तर त्याच दिवशी लग्न मोडतील, पोहोचलो की मीच सांगतो तिला, तोवर माझे कपडे वाळत घाल दर आठवड्याला, म्हणजे झालं. त्यानंच सांगितलं हे! त्याचीच अक्कल! आणि मी घातले. तीन शर्ट ठेवून गेला होता, तेच तीन, दर मंगळवारी पाण्यातून काढते, दर मंगळवारी घालते. आठ दिवस गेले. पंधरा गेले. बातम्यांत एक होडी — नाही, ते मी बंदच केलं, टीव्हीची वायरच काढून ठेवली. पण धुणं थांबवलं नाही. मला वाटायचं, ज्या मंगळवारी मी शर्ट घातले नाहीत, त्याच दिवशी ते खरं होईल.

बघ ना तो निळा, बघ. आणलेला तेव्हा कसा गडद होता. मी, इन्साफ, जी सगळ्या गल्लीला सांगत फिरते की रंगीत कपडा उलटा करून वाळत घाला, उन्हानं रंग उडतो — मी तो सुलटा घातला. पाचही वेळा. दर्शनी बाजू बाहेर, रस्त्याकडं तोंड करून, ऐन उन्हात. उलटा घातला तर ओळखणार कसे लोक? ओळखायला तर पाहिजे ना त्यांनी, की हा बासिमचा. पाठ बघ, आकाशी झालीय, आणि खांद्याला चिमट्याची दोन टोकं. शर्ट खालच्या काठाला लावायचा असतो चिमटा, खांद्याला नाही, हेही मला कळतं. पण उलटा टांगलेला शर्ट म्हणजे डोकं खाली केलेला माणूस, मला बघवेना. तर खांद्याला लावले. चुका सगळ्या माहीत असून केल्या, एकूण एक.

आता सांग. काळं का घातलंयस? थांब — एक मिनिट, ही कठड्याची सळई धरू दे मला. हं. सांग. तुझ्याकडं कुणी आलं होतं? कागद आला? कुणी फोटो दाखवला तुला? सरळ सांग, आडवळण नको, माझ्या नवऱ्याचं मला तीन बायकांनी वळसे घालून सांगितलं होतं, तासभर लागला आणि मी त्या तासात दहादा — काय? काय म्हणालीस? बाकीचे ओले आहेत? कपडे? पाणी नव्हतं म्हणून सगळं साठलं होतं आणि काल रात्री सगळंच धुतलं आणि घालायला हेच — अगं कार्टे! अगं माझे आई! ह्याच्यासाठी मी पाऊण तास तुला बोलू दिलं नाही? एक कोरडा झगा मागायचा होतास शेजारणीचा! नाही, हसत नाहीये मी, हसू दे मला, थांब. बरं. म्हणजे वाईट काही नाही. मग तू आलीस कशाला?

जिवंत आहे.

जिवंत आहे म्हणतेस. कोण म्हणालं? तोच? त्याच्या तोंडानं? आवाज ओळखलास तू? सर्दी झालेली. हो, त्याला लगेच होते, समुद्राचा वारा लागला की होते, लहानपणापासून — अल्लाह, अल्लाह, अल्लाह. कुठं आहे? सिसिली म्हणजे इटलीच ना? छावणीत. खायला देतात? अंगावर काय आहे त्याच्या? मला का नाही केला फोन? नाही, तू सांग, मला का नाही? माझा आवाज ऐकला तर परत यावंसं वाटेल. असं म्हणाला. बरं. बरं, असेल. मुलगेच असे. कधी आला हा फोन, सकाळी?

तीन आठवडे झाले.

तीन आठवडे, रिहाब. तू समोर राहतेस. तुमच्या खिडकीतून माझी टोपली दिसते. दोन मंगळवार तू मला बघितलंस, ह्याच कठड्याशी, वाकून, हे मेले शर्ट झटकताना, आणि हात केलास तिकडून — मागच्या मंगळवारी हात केलास की गं मला! मीही केला. एक शब्द. चार मजले चढून एक शब्द नाही सांगता आला तुला? त्यानं बजावलं होतं म्हणून? त्यानं मलाही बजावलं होतं. नाही, अजून काहीतरी आहे, कुठंतरी पाणी मुरतंय, बघ माझ्याकडं. काय म्हणाला तो तुला? वाट बघू नकोस. एवढंच? वाट बघू नकोस, मी येणार नाही, आईला तूच सांग. असं. आपण पळाला आणि दोन बायकांना एकमेकींच्या अंगावर सोडून दिलं. माझ्या पोटचा.

म्हणजे माझे शर्ट तुझ्याही कामाचे होते. तेवढं तरी कबूल कर. शर्ट दोरीवर आहेत तोवर बासिम घरी आहे, आणि बासिम घरी आहे तोवर तू ठरलेली मुलगी आहेस, तुझी आई गल्लीत ताठ मानेनं फिरतेय. मी धूत होते, तू वाळवत होतीस. मग आज का आलीस? काय म्हणाली तुझी आई? ह्या पोराला तीनच शर्ट आहेत का. असं म्हणाली! तिचं बरोबर आहे, मीही म्हटलं असतं. आणि तुझा मामा येतोय गुरुवारी लग्नाची तारीख पक्की करायला. हं. म्हणजे तुझ्या गळ्याशी आलं तेव्हा माझ्या गळ्याचा फास सोडवायला आलीस. रडू नकोस. मला चीड आलीय आणि तू रडायला लागलीस की ती राहात नाही, आणि मला ती हवीय थोडा वेळ.

शर्ट आत नेऊ नकोस! दे इकडं, तिन्ही घालते मी पुढच्या दोरीवर. आज दिसले नाहीत तर संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली वाचेल, आणि तुझ्या आईला परक्या तोंडून कळेल. उद्यापर्यंत राहतील. उद्या मी येते तुमच्याकडं, मी सांगेन तिला — माझा मुलगा पळून गेला, तुमच्या मुलीत काही खोट नाही, ऐब माझ्या घरात आहे. असंच सांगेन, ह्याच शब्दांत, दार उघडं ठेवून, ऐकू दे कुणाला ऐकायचं ते. तू मध्ये बोलायचं नाहीस. तीन आठवडे तोंड बंद ठेवलंस, अजून एक दिवस ठेव.

चहा राहिला. राहू दे, आज नको. जा तू आता, मला एकटीला बसायचंय. दार ओढून घे मागं — रिहाब! अगं थांब. जाता जाता ते एकदा परत म्हण. तुझं नको, लग्नाचं नको, येणार नाही ते नको, नुसतं पहिलं. आहे म्हण. हं. अजून एकदा. हं. जा.