सरांची शीर

—मंग बांध ना पट्टा, प्रियदर्शनी, पाहून काय राहिली! आँ? सरले सुई कशी टोचू? जशी पेशंटले टोचतं तशी. हा पलंग, हा माया हात, तू इंटर्न. सारा वॉर्ड पाहून राहिला—पाहू दे, त्याच्यासाठीच तर बसलो मी इथं, भर दुपारी, बाही वर करून.

कावून म्हंजे? काल राउंडले तुले दुर्गाबाईची शीर सापडली नाई, अन् मी ओरडलो—तुले डॉक्टर कोनं केलं म्हनून. बाईच्या उशाशीच ओरडलो. तवापासून बाईनं हात चादरीत घातला तो घातलाच, या पोरीच्या हातून सुई घेत नाई म्हनते. इंजेक्शन बंद, ताप चढून राहिला. बाईचं काय चुकलं? कायी नाई. चुकलं मायं. अन् मी नुकताच अमरावतीहून वर्कशॉप करून आलो ना—शिकाऊ डॉक्टरले वॉर्डात कसं शिकवावं, त्याचंच. पेशंटसमोर रागवायचं नाई, आधी चांगलं बोलायचं. सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनात लावलं, अन् तिथून निघून थेट ओरडलो. तर आता चांगलं बोलतो, आयक. पट्टा तू... लय घट्ट बांधला. पन बांधला मनापासून.

मीच कावून नाई लावत बाईले? हळू बोल जरा. मोठ्या डॉक्टरनं लावावी म्हने बाई—मी म्हटलं मले मीटिंग हाये. नव्हती. अवो, कितीक वर्षं झाले मी सुई हातात धरून. ह्याले लाव, त्याले लाव, सांगतो फक्त. आता शीर मलेबी सापडन का नाई, सांगता येत नाई—दुर्गाबाई, तुमी कावून हसून राहिल्या? तुमाले आयकू गेलं? बरं.

टोच. जरा खाली—तिकडं नाई—सुई आडवी धर, आडवी—माय वं! कायी नाई, कायी नाई, दुखलं नाई. साऱ्यायले सांगतो, दुखलं नाई. हुकली? हुकू दे, हा दुसरा हात घे. आता अंगठ्यानं कातडी तान, अशी नाई, मी सांगतो तशी, अन् श्वास रोखू नको, अन् घाई—

काय म्हटलं? चूप बसा?

मले?

...

लागली? मले तर समजलंबी नाई. थांब, पट्टी मारत बसू नको, माई सुई सिस्टर काढतीन. तू जा तिकडं. जा म्हनतो ना—दुर्गाबाईनं हात भाईर काढला.