पाय धुण्याचा गुरुवार

बर्डीच्या चौकात शेअर ऑटो भरायची वाट पाहत उभा होता. माझ्यासमोर सासू-सून बसल्या होत्या, सासूच्या मांडीवर नव्या चपलांचा डबा. सुनेला राहवत नव्हतं.

"आई, फादरनं तुमचं नाव वाचलं! बारा जणांत तिसरं!"

"हळू बोल वं, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या! प्रभूनं बारा शिष्यायचे पाय धुतले, तसे दर पवित्र गुरुवारी फादर धुतात, पण समोरच्या बाकावरच्या बड्या लोकायचेच. आपल्या झाडूवाल्यांच्या वस्तीतलं हे पहिलंच नाव!"

"मले तर हसूही येते अन् रडूही. मी खुर्चीवर, अन् फादर खाली वाकून!"

"उद्या सकाळीच तुमचे पाय घासून देते. भेगांत क्रीम भरू."

"काहून? फादर धुणार आहेत ना?"

"तसं नसते आई! सगळे घरूनच धुऊन येतात. मागच्या वर्षी त्या डॉक्टरीणबाईच्या पायाले तर सेंटचा वास होता. फादरनं वरून थोडंसं पाणी टाकलं, पुसलं, झालं."

"मग धुतलं काय त्यायनं?"

"आता ते मले काय माहीत!"

"हे घे, चपला तूच घाल. उद्या झाडायची ड्युटी सुटली का मी रस्त्यावरून सरळ चर्चमध्ये येतो."

"अवं आई! घमेल्यातलं पाणी काळं होईन ना! समोरच्या बाकावरचे काय म्हणतील?"

"काय म्हणतील? त्यायच्याच दारापुढची धूळ आहे ते. पाहतील अन् ओळखतील."