बाहेरून कुलूप

काकू : नाकाला रुमाल लावा मॅडम. हे गटार असंच जिन्यात वाहतं, कुत्रं विचारत नाही.

मॅडम : बालकल्याणच्या ऑफिसात फोन तुम्हीच केला होता ना?

काकू : मीच. चिमुरडी पोर आत आणि बाहेरून कुलूप! आई कामाला गेली की दिवसभर तिचं रडं. दुपारी डोळ्याला डोळा नाही लागत. शी! असली कसली आई!

आई : (धापा टाकत वर येते) आणि आधी चावी कुणाकडे असायची काकू? तेही सांगा की.

मॅडम : चावी?

आई : आमच्या मजल्याची रीतच होती. कामाला जाणारीनं शेजारी चावी द्यायची, मूल दोन्ही घरांत खेळायचं. मग खाली गुत्ता आला. मेले जिन्यातच पितात, तिथंच ओकतात. एकानं माझ्या लेकीचा हात धरून ओढलं. काकू दारातच होत्या.

काकू : मी काय करणार? पाण्यात राहून माशाशी वैर?

आई : दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात. म्हणे, नसता ताप नको. मग मी हे एवढं मोठं कुलूप आणलं. पोर कोपऱ्यात बादलीत मुतते, झुरळं बसलेलं जेवते. मला हौस आलीय का? किळस येते हो माझी मलाच!

मॅडम : काकू, गुत्त्याची तक्रार केलीत कधी?

काकू : त्यांची? भलतंच!

मॅडम : म्हणजे तक्रारीला ही एकटीच सापडली. लाज नाही वाटली? ...बरं, चावी पुन्हा ठेवाल? उघड्या दारानं, लक्ष ठेवून? तर पोर इथंच राहील.

काकू : माझ्याकडे बघू नका बाई. मलाही लेकीबाळी आहेत.

मॅडम : मग मला हिला न्यावंच लागेल. आग लागली तर कोण उघडणार? ताई, दार उघडा.

आई : ये गं राणी. या मॅडम तुला छान ठिकाणी नेतायत. तिथं खूप मुलं आहेत.

मुलगी : तिथं बाहेरून कुलूप लावतात?

मॅडम : नाही गं बाळा, कधीच नाही.

मुलगी : मग मी नाही येणार.