उलटी फेरी

नाही हो हिंदुराव — हिंदुरावच म्हणालात ना? — पाटी आहे हे दिसत होतं, पण वाचता कुठं येतं मला? आज तुम्ही वाचून दाखवलीत, तेव्हा कळलं. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. बरं. मी आपला रोज म्हणायचो, एवढी माणसं उलटी का फिरतायत — अहो, गंमत केली, हसा की जरा. देवळात मी कधी उलटा फिरलेलो नाही, पण इथं बागेत मधोमध देव कुठाय? बंद पडलेलं कारंजं आहे. काल ते पळणारे गृहस्थ मला धडकले, त्यांचीच तक्रार ना? त्यांना लागलं नाही ना फार? मला — छे, कोपर जरासं खरचटलं.

पण सांगू का, सगळ्यांच्या मागून फिरलं की दिसतात नुसत्या पाठी. समोरून गेलं की अख्खी बाग भेटते — बकुळीचा सडा, ओलं गवत, ते हास्यक्लबवाले हसून झाल्यावर किती गंभीर होतात ते, आणि एकेक चेहरा, तोही फेरीला दोनदा! त्या दोघी जावा तिसरीच्या कागाळ्या करत येतात. मी दिसलो की लगेच कोथिंबिरीचा भाव काढतात. मी मान हलवतो, त्याही हलवतात. सगळेच नाही हलवत, पण बरेच जण. आणि त्या निळ्या बुटांच्या ताई — एकदा समोरून येताना म्हणाल्या, "गोळ्या घेतल्यात का सकाळच्या?" मी थांबून सांगितलं, पांढरी घेतली, गुलाबी राहिली. त्यांनी कानात खोचलेलं ते फोनचं दाखवलं — फोनवर होत्या हो, वडिलांशी! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण दुसऱ्या दिवशी फोन नव्हता, तरी थांबल्या. म्हणाल्या, "आज गुलाबी?" तेव्हापासून रोज विचारतात.

घरी? घरी आहेत की सगळे. चांगली आहेत माणसं. मुलाची, साईनाथची, हिंजवडीची बस लवकर, सुनेची घाई, नातीचा क्लास. जेवण झाकून ठेवलेलं असतं — गरम राहतं, तसलं भांडं आणलंय. बायको माझी, प्रेमला, होती तेव्हा फार बोलायची. मीच म्हणायचो, बाई, जरा गप बस. आता इथून गेल्यावर दिवसभर तोंडच उघडत नाही असं नाही — पाणी पितो, गोळी घेतो.

नाही, नाही, तुमची नोकरी आहे. नियम तो नियम. हा बघा, वळलो. आता त्या ताई मागून येणार आणि भर्रकन पुढं जाणार. पाठमोऱ्या माणसाला कोण काय विचारतं? असू दे. तुम्ही मात्र फाटकापाशी असता ना, तोंड रस्त्याकडे करून? मी इथवर आलो की — जरा आत बघाल? बोलायला नको, ड्युटी असते. नुसतं — राहू द्या. तिकडं बघा, कुणीतरी फाटकात गाडी आडवी लावली. जा तुम्ही. जा.