तिकडच्या भावातली सीट

नाय, तुमीच सांगा, सायकलच्या सीटला एवढे पैसे असतात काय? मी रसायनीच्या कंपनीत दिवसभर ज्या खुर्चीवर बसतो ना, ती अख्खी खुर्ची, चाकांसकट, हिच्यापेक्षा स्वस्त पडली आसंल! आणि हीच सीट, हाच खोका, जर्मनीत अर्ध्या किमतीत! का? जर्मनांच्या बुडाला काय वेगळा भाव हाय?

कर्जतच्या संतोषला विचारलं. सायकलवाला. पंक्चर काढता काढता म्हणतो कसा, "दादा, जहाजाचं भाडं हाय, कस्टम हाय, मागवणारा हाय, विकणारा हाय, वर जीएसटी. आणि तिकडं घराघरात घेतात, इकडं घेणारे तुमी एकटे! वर्षभर माल पडून राहतो तो कोणाच्या डोक्यावर?" म्हटलं, माझ्या नाय! भर दुकानात ठणकावलं, "संतोष, हीच सीट तिकडच्या भावात आणून दाखवीन, नायतर सायकल तुला देऊन पार घरी, लोधिवलीपर्यंत चालत जाईन!"

आता माझी धाकटी बहीण समिधा, दिलीय जर्मनीत. लावला फोन तिच्या नवऱ्याला. "अहो देवेशभावोजी, नाताळात येताय तर तेवढी एक सीट..." "आणतो की!" आणि आणली हो! बॅगेत घालून! ना जहाज, ना दलाल... तुमाला सांगतो, अशी छाती फुगली, शर्टाचं बटण तुटलं. तिकडच्या भावात!

पण आई उखडली ना! "अरं, घरच्या जावयाला हमाल केलास? लाज नाय वाटत? मानपान कर त्यांचा!" मग काय, शेतात मडकं भरून पोपटी लावली. वालाच्या शेंगा घरच्या, भांबुर्ड्याचा पाला फुकट, पण गावठी कोंबड्या? त्या काय फुकट येतात? ते धरा जहाजाचं भाडं. तेवढ्यात समिधा रुसली, "दादा, तुझ्या सीटपायी माझ्या नव्या पर्सा तिकडंच राहिल्या." तिला पैठणी. ती कस्टम. लगेच आमची सौ., "नणंदेला पैठणी, आणि मी काय गोणपाट नेसू?" हा जीएसटी! पण सीट? सीट तिकडच्या भावात हां!

गेलो वाजतगाजत संतोषकडं. टाकली सीट त्याच्या पुढ्यात. "बघ! हरलास!" सगळं दुकान बघतंय. संतोषनं उचलली, उलटी केली, हात जोडले. "मानलं दादा, तुमी जिंकलात." जिंकलो! ऐकलंत? त्याच्या तोंडून!

मग म्हणतो, "फक्त हिच्या खालच्या दांड्या चपट्या हाईत. तुमच्या सायकलीला बसायची नाय. पकडायला वेगळा क्लॅम्प लागंल. बाहेरचाच येतो."

"कितीला रं?"

किंमत ऐकून मी मटकन स्टुलावर बसलो. तर वर हळूच म्हणतो, "तिकडं अर्ध्यात मिळतो, दादा. भावोजींना सांगून बघा."

भावोजी? परत कोंबड्या, परत दोन पैठण्या? काढलं पाकीट, गुमान घेतला त्याच्याचकडनं.

पण सीट... सीट तिकडच्याच भावात हां!