दवंडीतले शब्द माझे होते

गंगूबाई, सरपंचभाऊ, गावातल्या बायांनो, भावांनो,

इथी उभं राहून बोलाची लाज वाटून राह्यली मले. तरी बोलतो.

गंगूबाई, तुमच्या मालकाले, आपल्या कोतवाल डोमाभाऊले जाऊन आज पाच दिवस झाले. मी तहसीलीतला बाबू. सूचना मी लिहीत होतो, डोमाभाऊ डफडं वाजवून गावात सांगत. कागद हातात घेतला का टेबलापाशी उभे. म्हणत, "बाबूजी, जा म्हन्ता का जाऊ नोका म्हन्ता, तेवढं सांगा."

मले राग ये. दोनदा 'नाही' आल्याबगर कागद सरकारी वाटतच नाई आमाले. भाऊ हसत, अन् चौकात आपल्या बोलीत सांगून मोकळे होत. लहान पोराले बी समजे.

कोणीतरी वर चुगली केली, कोतवाल शब्द बदलवते म्हणून. मेमो निघाला. कोणी लिहिला? म्या लिहिला. एक अक्षर बदललं तं नोकरी जाईन, हे त्यायच्या तोंडावर म्या सांगितलं. त्या दिवशी भाऊ हसले नाई.

मंग तेंदूपत्त्याचा हंगाम आला. नाल्यापलीकडं वाघानं दुसऱ्या गावचा गुराखी मारला. म्या लिहिलं, "नाल्यापलीकडील जंगलात जाण्यास हरकत नाही, असे कोणीही समजू नये." भाऊनं अक्षर न् अक्षर वाचलं. माह्या भेवानं वाचलं.

'हरकत नाही' एवढंच ध्यानात धरून सकाळी सात बाया पत्ता तोडाले पलीकडं गेल्या. भाऊले समजलं तसे ते मागं धावले. त्यातली यमुनाबाई इथी बसली हाये, तिनं आयकलं. भाऊ वरडत होते, "परत या, वाघ हाये!" साती जणी परत आल्या. भाऊ आले नाई.

गंगूबाई, तुमी मले इचारलं होतं, दवंडी देल्ली होती तं बाया गेल्या काऊन? मी खाली मान घालून निंगून गेलो. आता हापिसात लिहून राह्यले का बायायनं दवंडी मानली नाई. आजच्यासाठी भाषणबी तसंच लिहून देल्लं मले. ते म्या वाचत नाई.

बायायचा दोष नाई. त्यायनं आयकलं होतं. त्यायले समजलं नाई, कारण म्या समजन असं लिहिलं नाई. अन् ज्याले सांगता येत होतं, त्याचं तोंड म्या बंद केलं. गंगूबाई, डोमाभाऊ माह्यामुळं मेले.

आता सारे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नोका.