ॲव्हरेज वाढल्याची तक्रार

न्हाई आप्पा, पैसे परत मागायला न्हाई आलो मी — बसा, बसा तुमी, गल्ल्याकडं कामून बघायलाव — अन् हवेचं फिल्टर खराब निघालं असंबी मी अजून म्हणलो न्हाई. आधी नीट ऐकून घ्या. माझ्या टोचन गाडीचं ॲव्हरेज वाढलंय. हाव, वाढलंय! तीच तर तक्रार हाय. हसू नका. लोकं ॲव्हरेज घटलं म्हून भांडायला येतेत, मी वाढलं म्हून आलोय. ह्या धंद्यात केस पांढरे केलेत मी — औशाच्या मोडावर कुणाची जीप बंद पडू द्या, कुणाच्या वऱ्हाडाची गाडी खड्ड्यात जाऊ द्या, पहिला फोन ह्या अण्णारावला येतो, मी जातो, साखळी लावतो अन् वढत आणतो — अन् एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो, की फुकटात कुणी कुणाला काही देत न्हाई. डिझेल तर देवबी देत न्हाई. लिटरला सात किलोमीटर चालणारी गाडी एकदम नऊ चालायली म्हणल्यावर माणसानं पेढे वाटायचे का शक घ्यायचा? मी शक घेतो. स्वभाव म्हणा.

फिल्टर देताना तुमी काय म्हणला व्हताव, आठवतंय का? मला आठवतंय. कंपनीचा फिल्टरचा डबा म्हणजे नाकाला फडकं बांधून माणसाला पळवल्यासारखं हाय, हे उघडं फिल्टर बसवा, इंजिन मोकळा दम घेतंय, मागं कसलंबी वझं लावा, ताकद कमी पडणार न्हाई अन् वरून डिझेल वाचतंय. लई गोड बोलताव तुमी. मी तवा ऐकून घेतलं, पर डोकं चालूच व्हतं. ज्या कंपनीनं अख्खी गाडी बनवली तेच्या इंजिनेरला एक मोठा पाइप बसवायचं सुचलं नसंल व्हय? अन् तो डबा तेनं कामून केला — धूळ अडवायला अन् बाहेरची गार हवा घ्यायला. तुमचं हे आइस्क्रीमच्या कोनावाणी फिल्टर बॉनेटखाली उघडंच बसतंय, इंजिननं तापवलेली हवा तेच पुन्हा वढतंय. अन् आपल्याकडची धूळ तुमाला काय सांगायची! सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की समोरचा ट्रॅक्टर दिसत न्हाई, ते सगळं भुसकाट कुठं जायाचं? जुनं फिल्टर चोंदलेलं असंल तर गोष्ट येगळी, मग नवं कोणतंबी टाका, फरक पडतोच. माझं चोंदलेलं नव्हतं. मी सोता हवा मारून साफ ठिवतो. मग वाढलं काय? आवाज वाढला. पाय दिला की असं घुरघुरतंय की वाटावं आत वाघ बसलाय. आवाजाला ताकद समजणारे लई बघितलेत मी, रस्त्यावरबी अन् निवडणुकीतबी.

तर म्हून मी एक काम केलं — कुणाला बोलू नका — बालाजी, आमचा पोरगा, सध्या तोच चालवतो गाडी, तर तो मोटारसायकलवर मुरुडला सासुरवाडीला गेला अन् मी गुपचूप तुमचं फिल्टर काढून जुना डबा बसवला. आल्यावर तेनं गाडी चालू केली. वाघ गायब! आवाज न्हाई म्हणल्यावर तेला कळलंच असंल की न्हाई? कळलं. मी पडवीत उभा राहून तेचं तोंड बघत व्हतो. एकदा माझ्याकडं बघितलं तेनं अन् गेर टाकून निघून गेला. बोलला न्हाई! आता कामून बोलला न्हाई? पाणी इथंच मुरतंय आप्पा. बरं, पंपावर मी सोता उभा राहून टाकी गच्च भरली, बालाजीनं चालवून संपवल्यावर पुन्हा गच्च भरली, हिशेब केला — नऊ! जुना डबा, अन् नऊ! मग मी तुमचं फिल्टर परत चढवलं, बालाजीला म्हणलं तू घरी बस, अन् गाडी मी घेतली. तोच रस्ता, तसलीच वझी, तोच पंप. सात! आता तुमीच सांगा, फिल्टर नसताना नऊ अन् असताना सात. हे फिल्टर काय माणूस बघून चालतंय का? बालाजी बसला की इमानदार अन् मी बसलो की दगाबाज? असलं कसलं औषध विकताव तुमी?

बोला की. ऱ्हाऊ द्या. मी बोलतो. पहिला शक मी पंपवाल्यावर घेतला, तेच्या मशिनीत काही असंल म्हून. डिझेल मापाच्या डब्यात मोजून घेतलं, बरोबर भरलं. मग वाटलं बालाजीच आपल्या खिशातून लपून डिझेल टाकत असंल, बापाला खूश करायला. पर बाप खूश झालेला तेनं कधी बघितलाय का, की तेच्यासाठी एवढा खर्च करावा? मग मी डोकं लावलं. फिल्टर आणायचं खूळ कुणाचं? बालाजीचं. घेताना मी व्हतो, पर बसवून आणलं तेनं एकट्यानं, अन् आल्यावर तो काय म्हणला — अण्णा, आप्पांनी सांगितलंय, नवा पार्ट हाय, सुरुवातीला एकाच माणसाच्या हातानं चालला पाहिजे, हात बदलला की सेटिंग बिघडती, म्हून काही दिवस मीच चालवतो, तुमी आराम करा. असं तुमी म्हणला व्हताव? फिल्टरला हात कळतो? नवी म्हैस हाय का ती, की दुसरा धार काढायला बसला की लाथ मारंल? असं म्हणला व्हताव का न्हाई, एवढंच सांगा. मान हलवा नुसती. हाव का न्हाई? — बघा, मानबी हलंना. म्हंजी म्हणलाच न्हाई. का म्हणलाव, बालाजीनं म्हणायला लावलं म्हून? तुमचा अन् तेचा फोन व्हतो, मला म्हाईत हाय. बापाला गाडीवरून उतरवायला पोरानं फिल्टर इकत घ्यावं, अन् इकणाऱ्यानं साथ द्यावी! सरळ तोंडावर सांगायचं की. मी काय खाल्लं असतं का?

न्हाई, सांगितलं व्हतं तेनं एकदा. खोटं कामून बोलू. म्हणला, अण्णा, तुमचा डावा पाय क्लचवरून निघतच न्हाई, सगळ्या रस्त्यानं दाबून धरताव, म्हून गाडी वढत न्हाई अन् डिझेल पीती. मी म्हणलं, तू जन्मायच्या आधीपासनं क्लच मारायलोय मी, मला शिकवतो? पाय टेकलेला असतो, दाबलेला नसतो. टेकणं अन् दाबणं ह्यात फरक हाय की न्हाई? तेवढं मला कळत न्हाई व्हय! केवळाबाई, आमची मालकीण, तीबी तेच्याच बाजूनं. एक दिवस मी घरी आलो तर ती माझ्या पायाकडं बघत बसली. म्हणली, दुसरी चप्पल कुठाय? आता चप्पल ढिली असंल तर निसटणारच ना वाटंत? चांभारानं पट्टा नीट मारला न्हाई. तर ही बाई तेवढ्यावरनं मला लातूरच्या दवाखान्यात घेऊन आली. साखर हाय मला, हाय, कुणाला न्हाई आजकाल? तो डॉक्टर काय करतो, माझे डोळे मिटायला लावतो अन् नायलॉनचा दोरा पायाला लावून विचारतो, काका, आता कळालं का? आता? आता? अरे बाबा, दोरा कुणाला कळतो? साप लाव, मग सांगतो. अन् म्हणतो, पायातली जान कमी झालीय, गाडी चालवू नका. मी विचारलं, तुमचा अन् माझ्या पोराचा फोन व्हतो का? हसला. सगळे हसतेत अन् कुणी सरळ उत्तर देत न्हाई.

अन् तुमाला खरं सांगू का, डिझेलचं मला काही न्हाई. वाचलं काय अन् जळलं काय. मला लागलंय ते दुसरंच. सृष्टी, आमची नात, ती लहानपणापासनं माझ्या गाडीत पुढं बसायची. कुणाची गाडी वढायला निघालो की ही सीटवर हजर, साखळी लावून झाली की हॉर्न वाजवायचं काम तिचं. आता म्हणलं, चल गं माय, की तिची आई म्हणती अभ्यास हाय. पुढच्या खेपंला म्हणती सर्दी झालीय. तनुजा वाईट न्हाई, सून म्हून कधी उलटून बोलली न्हाई, पर लेकराला माझ्या गाडीत बसू देत न्हाई. बालाजी निघाला की मग सर्दी पळती, अभ्यासबी पळतो! तीच गाडी, तीच सीट, तोच रस्ता. फरक एवढाच की चालवणारा — हां, जाऊ द्या, मला ते म्हणायचं नव्हतं. मुद्दा असा की उद्या सृष्टीची खो-खोची मॅच हाय नांदेडला. मी काल सगळ्यांदेखत ताटावरनं सांगितलं, लेकराला मी नेणार, ह्याच गाडीत, माझ्या हातानं. बालाजी वरणात भाकरी चुरत राहिला. सृष्टी आईकडं बघायली. माझ्याकडं न्हाई आप्पा, आईकडं. नऊ वर्षांचं लेकरू, तेनं आजोबासंगं जायला आईचं तोंड बघावं?

म्हून आज आलोय. उद्याच्याला गाडीत खोट नको. सकाळी एकटाच निघालो, रिकामी गाडी, मागं काही न्हाई, अन् लातूरच्या अलीकडं पुलावर चढताना दमच धरंना. इंजिन बोंबलायलंय अन् गाडी जागच्या जागी. मागचे हॉर्नवर हॉर्न. अन् वास सुटला, जळक्या रबरावाणी. गार झाल्यावर रांगत रांगत आणली इथवर. तुमी म्हणाल क्लच प्लेट जळाली — म्हणायचंच हाय तुमाला ते, तोंडावर दिसायलंय — पर मी सांगतो फिल्टरच गरम हवा वढून तापलं असंल. पाय? पाय जागेवरच व्हता. बाजूला घेतला व्हता मी. घेतला व्हता की. मला पक्कं म्हाईत — म्हंजी, मला तसं वाटलं. चला, तुमी सोता येऊन बॉनेट उघडा अन् हात लावून बघा. गाडी दारातच उभी हाय. ती बॅटरी नंतर उचला वो, कुठं पळून चाललीय का? बरं, उचलली तर उचलली, ठिवा तिकडं अन् चला. ह्या खुर्चीपासनं बाजूनं जा, मी चपला काढून पाय मोकळे करून बसलोय, चपलेत आग व्हती पायाची. अन् बालाजी कधी आला व्हता इथं, शेवटचा? खरं सांगा, मी तेला काही बोलणार न्हाई, मला फक्त कळालं पाहिजे की तुमचं दोघांचं —

हे काय? नमस्कार कशाला करायलाव मला?

आं? आप्पा, छातीला हात लावून काय — पाय लागला? कुणाला? मला? कवा लागला?

कुठं लागला?

न्हाई, थांबा. सरकू नका. बॅटरी घेऊन चालला व्हताव तवा? एवढ्या जड बॅटरीसकट, बुटानं — तुमी काय हलक्या अंगाचे न्हाईत आप्पा — अन् मी बोलतच व्हतो? बोलतच व्हतो मी. थांबलो न्हाई का मी जरा तरी? 'आई गं' म्हणलो असंल की. न्हाई म्हणलो?

डावाच हाय. बुटाची नक्षी उठलीय बघा, रेघा न रेघा दिसायल्यात. हे बोट लाल झालंय.

दाबा जरा. न्हाई, लाजू नका, दाबा तुमी. — दाबलं का? — जोरात. — अजून दाबायलाव का सोडलं?

ऱ्हाऊ द्या. उठा. उठा आप्पा, वयानं मोठे हाव तुमी, माझ्या पायापशी बसू नका.

उद्या ते लेकरू शेजारी असतं ना. हॉर्न वाजवत. अन् म्होरं कुणी आडवं आलं असतं तर माझा पाय कुठं हाय, ते मला खाली वाकून बघावं लागलं असतं. भ्याव वाटायलंय हो मला. आजपत्तुर दुसऱ्याच्या मोडलेल्या गाड्या वढल्या, तेच्यात बसलेल्यांची तोंडं बघितली, पर असं भ्याव कधी वाटलं न्हाई.

ही घ्या चावी. धरा म्हणलं ना, माझ्या हातात ठिवू नका. बालाजीचा नंबर हायच तुमच्याकडं. तेला म्हणावं एस्टीनं ये अन् गाडी घेऊन जा, अन् उद्या सृष्टीला तूच ने. मी काही बोललो म्हून सांगू नका. क्लच जळाली, एवढंच सांगा. न्हाई, तेबी नको. काहीच सांगू नका, तेला सगळं म्हाईत हाय.

चहा नको मला. तुमी जा, दारात गिऱ्हाईक उभं हाय कवाचं. तेला फिल्टर दाखवा. जा की आप्पा, माझ्याकडं बघत उभं ऱ्हाऊ नका.